‘सी’ फुल्ल, ‘डी’ मोकळा!

‘फॉरमॅट मारून टाका!’

आमच्या जळगावात कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर हा एकच रामबाण उपाय. स्लो झालाय? फॉरमॅट. व्हायरस शिरलाय? फॉरमॅट. प्रिंटर ऐकत नाही? ‘काका, फॉरमॅट मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा, एकदम नवा!’ डोकं दुखलं काय नि गुडघा दुखला काय, एकाच डबीतली गोळी काढून देणारे डॉक्टर असतात ना, तस्सं. बरं, गोळी लागू पडते, हीच खरी पंचाईत. मशीन खरंच पळायला लागतं. डेस्कटॉपवर काय काय होतं, ते मग दोन महिन्यांनी एकेक करून आठवतं.

तुमचं सगळं आयुष्य आता फोनमध्ये नाहीतर क्लाऊडवर असेल. पण जरा गावाकडच्या घरात डोकावून बघा. हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाच्या रुमालाखाली एक ‘डबा’ अजूनही बसलेला असतो. घरातली पोरं शिकून पुण्या-मुंबईला उडाली, डबा तिथेच राहिला. त्याच्यावर आता वडील लोक बसतात. वीजबिल काढतात, भिशीचा हिशेब टाइप करतात, नातवंडांचे फोटो फोनमधून त्यात ओततात. आणि एक दिवस ‘माय कॉम्प्युटर’ उघडलं की ‘सी’ ड्राइव्हची पट्टी लालभडक! मग सुट्टीत घरी आलेल्या पोरांसाठी पुरणपोळीसोबत हेही एक काम ताटात वाढलेलं असतं.

आमचा डबा २०१२च्या गुढीपाडव्याचा. गोलाणी मार्केटमधून असेंबल करून आणलेला. ज्यांनी गोलाणी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जळगावच्या मधोमध दुकानंच दुकानं पोटात घेऊन बसलेली एक अवाढव्य इमारत. आत शिरलात की कॉम्प्युटर, मोबाइल आणि केबल यांच्या जंगलात दिशा हरवलीच समजा. ५०० जीबीची हार्ड डिस्क घ्यायची ठरवून आम्ही गेलो आणि ३२०ची घेऊन आलो. कारण काय, तर थायलंडचा पूर! हसू नका. ऑक्टोबर २०११मध्ये तिथल्या पुरात हार्ड डिस्क बनवणारे कारखाने पाण्याखाली गेले होते, वेस्टर्न डिजिटलचेसुद्धा. जगभरात डिस्कचे भाव भडकले आणि ती झळ गोलाणीच्या गाळ्यापर्यंत पोचली. तापी-गिरणेच्या पुराच्या गोष्टी ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो; पण बँकॉककडच्या पाण्याने आमच्या घरातली जागा खाल्ली, हे त्या दिवशी नवीन कळलं.

त्या ३२०चेही घरी आल्यावर २९८च दिसले. पप्पा निवृत्तीला टेकलेले मास्तर, गणिताचे. त्यांनी ताबडतोब वही काढली. यात फसवाफसवी काही नाही, दोन मापं आहेत. डिस्कवाले एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज १,०२४च्या पटीत मोजतं. पप्पांचं उत्तर बरोबर आलं, तरी ‘बावीस गेले’ हे ते कितीतरी दिवस म्हणायचे.

मग त्या २९८चे चार तुकडे झाले. त्या काळी सगळीकडे हीच रीत होती: विंडोजला ‘सी’ छोटा ठेवायचा आणि उरलेल्या जागेचे ‘डी’, ‘ई’, ‘एफ’. विचार शहाणपणाचा होता. पुढेमागे फॉरमॅट मारायची वेळ आली तर फक्त ‘सी’ पुसायचा, बाकीच्या खोल्यांना धक्का नाही. आमच्या ‘सी’च्या वाट्याला आले ५८ जीबी. विंडोज ७ला ते मजेत पुरले. नंतर फुकटात विंडोज १० आलं, तेही त्याच घरात कोंबलं. आणि मुख्य घोळ असा, की डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स हे सगळं मुळात ‘सी’वरच राहतं, हे कोणी कोणाला सांगतच नाही. डेस्कटॉप म्हणजे ओसरी. आलेलं सामान माणूस ओसरीवरच टेकवणार. धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्या माहीत असतील तर चित्र डोळ्यांसमोर येईल: एका गल्लीत पाय ठेवायला जागा नाही आणि शेजारच्या तीन गल्ल्यांत दुपारचा शुकशुकाट.

यंदा मी घरी पोचले तेव्हा ‘सी’वर ९०० एमबी उरले होते. पप्पांनी तोवर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर यादी तयार ठेवली होती. ‘काढून टाकणे’ असा मथळा, खाली आकडे घालून नोंदी, मास्तरी अक्षरात. मी वाचायला घेतली.

१) माय : १३ जीबी.

माय म्हणजे माझी आजी, पप्पांची आई. २०१७ला गेली. त्याआधी, २०१३ आणि २०१४च्या उन्हाळ्यात, पप्पा जवळजवळ दर रविवारी एसटीने धुळ्याला जायचे, तिचा आवाज रेकॉर्ड करायला. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर, तेही मे महिन्यात. खान्देशातला मे म्हणजे पंचेचाळीसला टेकलेला पारा आणि एसटीच्या खिडकीतून येणारी झळ. ती काकांकडे देवपुरात असायची. तळहाताएवढा एक रेकॉर्डर पप्पा तिच्यासमोर स्टुलावर ठेवायचे आणि ती अहिराणीत सुरू व्हायची. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, आखाजीची गाणी, मध्येच कोणाच्या तरी सासूची निंदा. ४१ फाइल्स, २२ तास. मागे कूलर घुरघुरतोय, कुकरच्या शिट्ट्या आहेत, आणि एका फाइलच्या शेवटी ती वैतागून म्हणते, ‘ते बंद कर आते!’

“पप्पा, हे पहिल्या नंबरला?”

“सगळ्यात मोठं तेच आहे ना. दादाच म्हणाला फोनवर, मोठ्या फाइल्स आधी काढा.”

“तुम्ही ऐकता कधी?”

पप्पांनी चष्मा पुसला. उत्तर मम्मीने स्वयंपाकघरातून दिलं. “रोज दुपारी फोल्डर उघडतात आणि बंद करतात. लावत नाहीत. ऐकवत नाही म्हणे.”

आता कळलं का? जागा हे निमित्त होतं. ज्या फोल्डरकडे बघवत नाही, त्याच्या नावापुढे १३ जीबी लिहिलेलं सापडलं, की माणसाला काढून टाकायला एक सभ्य कारण मिळतं.

मी म्हटलं, आधी बघू तरी, जागा कोण खातंय. विनडिरस्टॅट नावाचा एक फुकटचा छोटा प्रोग्रॅम आहे. तो सगळी डिस्क पालथी घालतो आणि प्रत्येक फाइलचा एक रंगीत चौकोन काढतो. फाइल जितकी मोठी तितका चौकोन मोठा. स्क्रीनवर दिसते ती चक्क गोधडी! आमच्या गोधडीचा हिशेब असा निघाला. विंडोज आणि प्रोग्रॅम्स, २२ जीबी. माय, १३. डाउनलोड्स, ९. अपडेटचा आणि टेम्पररी फाइल्सचा गाळ, ३. फोनमधून ओतलेले फोटो, ४. आणि पाचेक जीबी अशा दोन फाइल्सचे, ज्या एरवी दिसतच नाहीत.

त्या दोघींपैकी एक आहे पेजफाइल. रॅम कमी पडली की विंडोज तिथे सामान ठेवतं. तिच्या वाटेला जाऊ नये. दुसरी हायबरफिल. कॉम्प्युटर ‘हायबरनेट’ करताना रॅममधलं सगळं जशास तसं उतरवून ठेवायला ही जागा अडवलेली असते. लॅपटॉपवाल्याला ती उपयोगी. पण आमचा डबा रात्री शटडाउन होतो, वर रुमाल पांघरला जातो, त्याला हायबरनेशनशी काय देणंघेणं! ही फाइल थेट डिलीट होत नाही. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचा आणि ‘पॉवरसीएफजी’च्या कमांडने हायबरनेशनच बंद करायचं. दीड जीबीहून जास्त जागा एका ओळीत सुटली. सुरू व्हायला मशीन थोडं जास्त कुंथतं, चालायचंच.

डाउनलोड्समध्ये तर जत्रा होती. एकाच महिन्याचं वीजबिल सात वेळा, कारण ‘प्रिंट नाही आली’ म्हटलं की पप्पा पुन्हा डाउनलोड करतात. एका सॉफ्टवेअरचे चार सेटअप. गुड मॉर्निंगचे गुलाब, चहाचे कप, सूर्योदय आणि सुविचार यांचा अक्षरशः ढीग. मम्मीला शेजारी बसवलं आणि तिने निर्दयपणे ६ जीबी उडवले. अपडेटचा गाळ विंडोजच्या स्वतःच्या डिस्क क्लीनअपने काढला. त्यासाठी ‘पीसी सुपरफास्ट’ करून देणारी ती जाहिरातीतली सॉफ्टवेअर्स कृपया घेऊ नका. झाडू आणायला गेलात आणि घरात पाहुणा येऊन बसला, अशी गत होते. आणि रिसायकल बिन रिकामा करायला विसरू नका. तो भरलेला असेपर्यंत जागा सुटलेली नसते.

उरलेलं सगळं हलवायचं होतं, काढायचं काहीच नव्हतं. ‘डी’वर ८० जीबी होते आणि त्यात वापरलेले जेमतेम सहा! डेस्कटॉप फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन, आणि तिथे ‘डी’वरच्या नव्या फोल्डरचा पत्ता. डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांचंही तसंच. दिसायला सगळं होतं तिथेच दिसतं, राहायला मात्र पलीकडच्या गल्लीत जातं. विंडोज विचारतं, जुन्या फाइल्सही नव्या जागी हलवू का? इथे ‘हो’ म्हणायचं, डोळे मिटून पुढे जायचं नाही. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०चं एक मोठं अपडेट मायक्रोसॉफ्टला काही दिवसांतच थांबवावं लागलं होतं, ते याच गल्लीतल्या भानगडीमुळे. ज्यांनी डॉक्युमेंट्सचा पत्ता बदलला, पण जुन्या फाइल्स जुन्याच घरात राहू दिल्या, त्यांचं जुनं घर ते अपडेट रिकामं समजून पाडून टाकत होतं. जागा वाचवायला गेलेल्यांचीच कागदपत्रं गेली!

संध्याकाळी ‘सी’ची पट्टी निळी. साडेएकतीस जीबी मोकळे. त्यातले वीस नुसते हलवलेले. पप्पांनी वहीत बेरीज करून बघितली, ती जुळली.

डबा पळायला लागला का? नाही हो. बारा-तेरा वर्षांची फिरती डिस्क ती, जागा मिळाली म्हणून तिला तरुणपण येत नाही. वेग हवा असेल तर एसएसडी टाकावी, ती टाकायची ठरलीय. विंडोज ११ या मशीनवर नियमाने चढत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. त्यामुळे बँकेची कामं डब्यावर करायची नाहीत, असा वटहुकूम मी काढला आणि तो चक्क पाळला जातोय.

राहता राहिली माय.

‘डी’वर हलवली म्हणजे ती वाचली असं नाही. ‘सी’ काय, ‘डी’ काय, एकाच तबकडीवरच्या रेघा आहेत. डिस्क बसली तर चारही गल्ल्या एकदम बसणार. आणि ही डिस्क लोडशेडिंगच्या काळातली. चालू मशीनची वीज गेल्यावर विंडोज तुटकी तुकडे गोळा करून जो ‘फाउंड’ नावाचा फोल्डर करतं, तसे दोन आमच्या ‘ई’वर आहेत. म्हणून पहिलं काम, बाहेरच्या डिस्कवर कॉपी. तीही दोन, आणि दोन घरांत. एक जळगावात, दुसरी धुळ्याला काकांकडे.

मग मी त्या फाइल्स नीट बघितल्या. वेव्ह फाइल्स, म्हणजे न दाबलेला, सीडीच्या दर्जाचा आवाज. मिनिटाला साधारण १० एमबी. ‘स्टीरिओ’ लिहिलेलं, म्हणजे डाव्या कानाला एक आवाज, उजव्याला एक. पण रेकॉर्डरला माइक होता एकच! दोन्ही बाजूंना तीच आजी, तोच कूलर, तीच शिट्टी. ऑडॅसिटी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये त्या मोनो केल्या. १३चे साडेसहा झाले, आणि आजीचा एक श्वासही कमी झाला नाही. ऐकायला म्हणून एमपीथ्री वेगळ्या काढल्या, त्या सगळ्या मिळून दीड जीबीच्या आत. अख्खी आजी आता पप्पांच्या फोनमध्ये मावते.

“एवढ्यात?” पप्पा म्हणाले. पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा हलला.

मला सारखी बहिणाबाई आठवत होती. आमच्या जळगावकरांना ती येता-जाता आठवते म्हणा. युनिव्हर्सिटीलासुद्धा २०१८पासून तिचं नाव आहे. असोदा तर गावाला लागूनच. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर ती रचायची, सोपानदेव आणि त्यांचा मावसभाऊ त्यातलं जमेल तेवढं उतरवून घ्यायचे. ३ डिसेंबर १९५१ला ती गेली, आणि पुढच्या वर्षी, १९५२ला पुस्तक निघालं. त्यातही सोपानदेवांनी ते कागद अत्र्यांना दाखवले म्हणून. ज्या दिवशी वही जवळ नव्हती, त्या दिवशीचं सगळं वाऱ्यावर गेलं. तिचं अख्खं पुस्तक युनिकोडमध्ये टाइप केलं, देवनागरीच्या एकेका अक्षराला तीन बाइट धरले, तरी तुमच्या फोनमधल्या एका फोटोएवढीसुद्धा जागा लागणार नाही.

माझी आजी काही बहिणाबाई नव्हती. तिने स्वतः काही रचलं असेल असं मला वाटत नाही. तिच्या आईकडून, सासूकडून आलेलं ती म्हणायची. पण २०११च्या जनगणनेत खान्देशी ही आपली भाषा म्हणून सांगणारे साडेअठरा लाखांच्या वर लोक होते, आणि आमच्या घरातल्या आमच्या पिढीत अहिराणी धड बोलणारं एकही नाही. मला ती कळते. बोलायला गेले की काका हसतात. मग पुढे कोणाला काही विचारायचं तर या ४१ फाइल्सनाच विचारावं लागणार.

डिस्क घेऊन धुळ्याला निघाले तर पप्पा म्हणाले, मीपण येतो. एसटीत आम्ही फारसं बोललो नाही. पारोळ्याला त्यांनी भजी घेतली आणि म्हणाले, “रेकॉर्डर मी शर्टाच्या खिशात ठेवायचो, गरम होऊ नये म्हणून पाण्याच्या बाटलीला चिकटवून.” एवढंच.

धुळ्याला मी आजवर शंभर वेळा गेले असेन, पण या खेपेला गाव निराळं वाटलं. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ला याच गावात गेले. माणूस आयुष्यभर लोकांच्या माळ्यावरची दप्तरं धुंडाळत फिरला, आणि त्याने जमवलेलं राखायला गावाने संशोधन मंडळ उभं केलं. ज्यांना रद्दी वाटत होती, त्यांनी त्यांच्या हातात काय काय दिलं असेल! आणि काय काय त्याआधीच बंबात गेलं असेल. असो. आमचं दप्तर माझ्या पर्समध्ये होतं, चार्जरच्या वायरीत गुंडाळलेलं.

काकांच्या कॉम्प्युटरवर कॉपी सुरू केली आणि नीट आलंय ना बघायला पहिली फाइल लावली. आजीचा आवाज देवपुरातल्या त्याच खोलीत आला, जिथे तो रेकॉर्ड झाला होता. पप्पा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. दार मात्र उघडं ठेवलं.

काका ऐकत राहिले आणि एकदम म्हणाले, “नाव काय लिहिलंय याला?”

नाव कुठलं! सगळ्या फाइल्सना रेकॉर्डरने दिलेले नुसते आकडे होते. चौदा, पंधरा, सोळा.

“जात्यावरचं आहे ना?” मी अंदाज ठोकला.

“छे! हे हळद दळताना म्हणायचं. लग्नाच्या आधी. ही चाल वेगळी.”

ओट्यावरून पप्पांचा आवाज आला, “हळदीचं नाही ते, मांडवाचं आहे.”

“तू गप रे, तू होस्टेलला होतास तेव्हा!” काका ओरडले.

पप्पा आत आले. मी एक्सेल उघडलं. फाइलचा नंबर, काय आहे, कधी म्हणतात, कोणाकडून शिकली. दोघं भाऊ भांडत राहिले, मी टाइप करत राहिले, काकूने दोनदा चहा केला. रात्री अकरापर्यंत २३ फाइल्सना नावं मिळाली. उरलेल्या १८ दोघांपैकी एकालाही ओळखता येईनात. त्यातली बरीचशी बायकांनी बायकांतच म्हणायची आहेत, काकू म्हणाली. यांना कशी माहीत असणार! रविवारी नंदुरबारहून आत्या येणार आहे.